दशमी केव्हा संपते?

महिन्यातून दोनदा, शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांत येणारी एकादशी महाराष्ट्रात इतकी घरोघरची झालेली आहे की, ती नेमकी कोणत्या दिवशी धरावयाची हा प्रश्न कोणाला पडलाच, तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून तो मिटतो. आणि त्या चौकटीत बारीक अक्षरांत एके दिवशी ‘स्मार्त’ व दुसऱ्या दिवशी ‘भागवत’ असे छापलेले दिसले, तर आपल्या घराण्याचा शिरस्ता कोणता एवढे वडीलधाऱ्यांस विचारून मनुष्य निश्चिंत होतो. परंतु त्या बारीक अक्षरांच्या मागे आकाशातील दोन ज्योतींचे गणित, धर्मशास्त्रकारांचे कित्येक शतकांचे विवेचन आणि पंचांगकर्त्यांचे वाद उभे आहेत. आणि त्यांतील बराच मोठा भाग एकट्या सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत घडलेला आहे. ज्याच्या नावाने महाराष्ट्र एकादशी धरतो तो विठ्ठल या जिल्ह्यात पंढरपुरी उभा आहे, एकादशी कोणती धरावी याचा निर्णय ज्या ग्रंथाच्या आधारे आजही दिला जातो त्या ‘धर्मसिंधू’चा कर्ता पंढरपूरचाच, त्या निर्णयाला लागणारे गणित वर्षानुवर्षे छापून घरोघर पोहोचविणारे दाते पंचांग सोलापूर शहरातले, आणि एकादशीचे पारणे ज्या कथेचा प्राण आहे त्या अंबरीष राजाची भूमी म्हणून मानली जाणारी बार्शीही याच जिल्ह्यातली.

एकादशीचा उपवास म्हटला की आपल्यापुढे प्रथम ताट येते, काय चालते आणि काय चालत नाही याची यादी येते; पण शास्त्राच्या दृष्टीने हे व्रत मुख्यतः काळाचे आहे. ते एका दिवसाचेही नाही. दशमीला एकभुक्त राहावयाचे, एकादशीला निराहार, आणि द्वादशीला पारणे करून पुन्हा रात्री भोजन करावयाचे नाही. म्हणजे दशमीचे रात्रीचे एक, एकादशीची दोन आणि द्वादशीचे रात्रीचे एक अशी चार भोजने सोडणे हा पूर्ण विधी. आज दशमीचे एकभुक्त आणि द्वादशीची रात्र बहुतेक घरांतून सुटलेली आहे, परंतु पारण्याचे महत्त्व खेड्यापाड्यांतून अजून शाबूत आहे. ‘बारस सोडणे’ हा शब्द सोलापूरकडच्या कोणाही वारकऱ्याच्या तोंडी सापडेल. ज्या दिवशी द्वादशी सकाळीच संपते, त्या दिवशी घरातील बाई पहाटे चारला उठून स्वयंपाकाला लागते, आणि सूर्य उगवला न उगवला तोच नैवेद्य दाखवून, तुळशीपत्र घातलेले तीर्थ घेऊन, माणसे पहिला घास घेतात. कारण एकादशी कितीही निष्ठेने पाळली, तरी द्वादशी उलटू दिली तर व्रत पुरे झाले नाही अशी तेथे दृढ भावना आहे.

आता ही तिथी म्हणजे काय, हे थोडे सावकाशीने पाहिले पाहिजे. चंद्र आणि सूर्य दोघेही नक्षत्रमंडळातून पूर्वेकडे सरकत असतात. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश, तर चंद्र सरासरी तेरा अंश. अमावास्येला दोघे एका रेषेत येतात आणि तेथून, घड्याळाचा मिनिटकाटा तासकाट्याला मागे टाकीत जावा तसा, चंद्र सूर्याला मागे टाकीत जातो. हे अंतर दर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. तेव्हा शुद्ध एकादशी म्हणजे हे अंतर १२० अंशांपासून १३२ अंशांपर्यंत वाढण्यास लागणारा काळ, आणि वद्य एकादशी म्हणजे ३०० पासून ३१२ अंशांपर्यंतचा. हा काळ सूर्योदयाची वाट पाहत नाही. तो भर दुपारी सुरू होईल, मध्यरात्री संपेल. शिवाय चंद्राची गती स्थिर नाही; तो पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा वेगाने जातो, दूर असतो तेव्हा मंद होतो, आणि त्यामुळे एखादी तिथी सुमारे वीस तासांतच आटोपते, तर एखादी सत्तावीस तासांच्या जवळ जाते. चोवीस तासांचा दिवस आणि ही लांबणारी-आखडणारी तिथी यांचा मेळ घालताना कधी एकच तिथी दोन सूर्योदयांना राहते, तर कधी एकाही सूर्योदयाला सापडत नाही. त्यांनाच अनुक्रमे वृद्धितिथी आणि क्षयतिथी म्हणतात. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट भरून काढण्यासाठी साधारणतः बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास धरावा लागतो, आणि त्या वर्षी चोवीस एकादश्यांच्या सव्वीस होतात. शके १९४५ मध्ये, म्हणजे २०२३ साली, असा अधिक श्रावण आला होता. शके १९४८ मध्ये, म्हणजे २०२६ साली, अधिक ज्येष्ठ येतो.

दिवस सूर्योदयाने मोजावयाचा आणि तिथी मात्र केव्हाही पालटणार, या विसंगतीतूनच स्मार्त आणि भागवत हा भेद उत्पन्न झाला. एकादशीला दशमीचा स्पर्श असू नये, या स्पर्शाला ‘वेध’ म्हणतात, हे दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो हा स्पर्श कोठून मोजावयाचा याबद्दल. स्मार्त सूर्योदयाकडे पाहतात. भागवत संप्रदायी त्याच्याही आधी चार घटका मागे जातात. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयापूर्वी शहाण्णव मिनिटे. हा अरुणोदयाचा काळ. त्या वेळी दशमी क्षणभरही शिल्लक असेल, तर ती एकादशी त्यांच्या लेखी विद्ध होते आणि उपवास दुसऱ्या दिवशी जातो. बाहेरून पाहणाऱ्यास हा काथ्याकूट वाटेल. पण आपल्या देवाचा दिवस निर्भेळ असावा या ओढीने माणसांनी पहाटेच्या अंधारातील दीड तासाचाही हिशेब ठेवला, यात मला भक्तीची एक फार कोवळी बाजू दिसते.

यात आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दशमी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, परंतु सूर्योदय गावागणिक वेगळा. सोलापूर सुमारे ७५.९ पूर्व रेखांशावर आहे. मुंबई तेथून तीन अंश पश्चिमेला, नागपूर तीन अंशांहून थोडे अधिक पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नागपूरचा सूर्य सोलापूरच्या सुमारे तेरा मिनिटे आधी उगवतो आणि मुंबईचा बारा मिनिटे नंतर. अक्षांशामुळे ऋतुमानाप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो, तो वेगळा. तेव्हा दशमी जर या पंचवीस मिनिटांच्या दरम्यान कोठे तरी संपत असेल, तर नागपूरच्या सूर्योदयाला दशमी आणि मुंबईच्या सूर्योदयाला एकादशी असा प्रकार होऊ शकतो, आणि एकाच घरातील दोन भाऊ दोन शहरांत राहात असल्यास दोघांच्या उपवासाचे दिवस, दोघांनीही शास्त्र बिनचूक पाळून, निराळे येऊ शकतात. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ गावोगावची वेगळी छापावी लागते, तिचेही कारण तत्त्वतः हेच.

असे प्रसंग आले असता काय करावे, याचा सर्वसामान्य माणसाला झेपेल असा खुलासा ज्यांनी केला, ते काशीनाथशास्त्री उपाध्याय. घराणे मूळचे कोकणातील गोळवलीचे, पण वास्तव्य पंढरपूरचे. लोक त्यांना बाबा पाध्ये म्हणत, आणि कविवर्य मोरोपंतांचे ते व्याही. शके १७१२, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास त्यांनी ‘धर्मसिंधू’ पुरा केला. त्यापूर्वी काशीस कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ रचला होता, परंतु तो वचनांचा आणि मीमांसेचा ग्रंथ. त्यात शिरावयाचे तर व्युत्पत्ती हवी. बाबांनी वादविवाद आणि मूळ वचनांचा पसारा बाजूला ठेवून केवळ निष्कर्ष सांगितले, आणि तेही ज्यांची गती शास्त्रात फार नाही अशांसाठी. पंढरपुरात राहणाऱ्या पंडिताने असा ग्रंथ लिहावा यात मला योगायोगापेक्षा अधिक काही वाटते. दर एकादशीला ज्याच्या डोळ्यांसमोरून शेतकरी, कोष्टी, माळी यांचे थवे चंद्रभागेकडे जात होते, त्याला शास्त्र सोपे करण्याची निकड भासली असल्यास नवल नाही. या परंपरेची समजूत किती उदार होती, हे तिने दिलेल्या सवलतींतून दिसते: उपवासाचे बंधन आठ वर्षांपुढे आणि ऐंशीच्या आत, अशक्त, रोगी यांनी फळे, दूध यांवर राहावे किंवा नक्त, म्हणजे केवळ रात्रीचे भोजन, करावे. मधुमेहाचे औषध चालू असता केवळ लोकलज्जेस्तव निराहार राहणाऱ्या वृद्धांना ही बाब घरच्यांनी अवश्य वाचून दाखवावी.

निर्णयाचे नियम असे ठरले, तरी दशमी खरोखर केव्हा संपते हे सांगणारे गणित बरोबर असल्यावाचून त्यांचा उपयोग नाही. आणि खरा वाद तेथेच पेटला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहून त्रिकोणमितीच्या ज्या-कोष्टकांवाचून पंचांग करण्याची युक्ती दिली, आणि पुढे कित्येक शतके गावोगावचे जोशी, ज्यांचे वतन पंचांग सांगण्याचेच होते, त्या आधारावर तिथी वर्तवीत आले. काळ लोटला तशी जुन्या सूत्रांची चूक साचत गेली, ग्रहणे सांगितलेल्या वेळी लागेनाशी झाली. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून पाश्चात्त्य वेधांच्या आधारे पटवर्धनी पंचांग सुरू केले. त्यांचेच शिष्य लोकमान्य टिळक यांनी हा प्रश्न पुढे १९०४ च्या मुंबईच्या परिषदेपर्यंत नेला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’च्या इतिहासात त्याची सांगोपांग चर्चा केली, आणि बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी कोष्टके रचली. जुन्या पक्षाचा मोठा आक्षेप तिथीच्या लांबीबद्दल होता. परंपरेने साठ घटकांची तिथी फार तर पाच घटका वाढे आणि सहा घटका घटे, यालाच ‘बाणवृद्धि-रसक्षय’ म्हणत. नव्या, प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताने ती सात घटका वाढते आणि दहा घटका घटते. व्रतांचे नियम जुन्या मर्यादा धरून रचलेले आहेत, त्या मोडल्या तर धर्मनिर्णय डळमळेल, असे शास्त्री म्हणत; आणि आकाशात जे नाही ते पंचांगात असू नये, असे सुधारक म्हणत. माझा कौल निःशंकपणे सुधारकांच्या बाजूने आहे, कारण चंद्राच्या नावाने व्रत करावयाचे आणि चंद्र कोठे आहे हे पाहावयाचे नाही, यात व्रताचीच हानी आहे.

सोलापूरच्या लक्ष्मणशास्त्री, ऊर्फ नानाशास्त्री, दात्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पंचांग काढले, ते या वादाच्या ऐन मध्यावर. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे, मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा बोलणारे हे शहर. पुण्याची विद्वत्सभा नव्हे की काशीचा घाट नव्हे. तेथून निघालेल्या पंचांगाने दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना प्रत्यक्ष पटणारे गणित, आणि धर्मशास्त्राचा निर्णय यांची सांगड घातली; पुढे धुंडिराजशास्त्री दात्यांनी आणि त्यांच्या नंतरच्या पिढीने ते काम चालविले, आणि शंभराहून अधिक वर्षे ते अव्याहत चालू आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या सदस्यांत ‘केसरी’चे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे दोघे महाराष्ट्रीय होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनांक अंमलात आला, परंतु व्रते तिथीवरच राहिली, आणि ते योग्यच झाले.

तिथीच्या क्षणाला किती किंमत आहे, हे बार्शीत सर्वांत चांगले कळते. भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा आहे. राजाने वर्षभराचे व्रत संपवून पारण्याची तयारी केली, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. भोजनाचे आमंत्रण स्वीकारून ते यमुनेवर स्नानास गेले आणि तेथेच ध्यानस्थ झाले. इकडे द्वादशीची अखेरची एकच घटका उरली. अतिथीला सोडून जेवावे तर अधर्म, आणि द्वादशी उलटू द्यावी तर व्रतभंग. राजाने ब्राह्मणांना विचारले, आणि त्यांनी मार्ग काढला की केवळ पाणी प्यावे, कारण पाणी पिणे हे भोजन केल्यासारखेही आहे आणि न केल्यासारखेही. अंबरीषाने पाणी घेतले. दुर्वासांनी ते ज्ञानदृष्टीने जाणले आणि क्रोधाने जटेतून कृत्या ही राक्षसी उत्पन्न केली. विष्णूच्या सुदर्शन चक्राने तिला जाळले आणि ऋषींचा पाठलाग आरंभिला. ब्रह्मदेव, शंकर, विष्णू कोणीच अभय देईना, तेव्हा ते अखेरीस राजालाच शरण आले. पळणाऱ्या ऋषींची वाट पाहत राजा तोपर्यंत अन्नावाचून तसाच थांबला होता. ही कथा लोक अहंकाराची म्हणून सांगतात. मला ती त्या एका घटकेची वाटते. घड्याळ नसलेल्या काळात, तिथी संपत असल्याचे भान ठेवून, सत्य आणि सौजन्य दोन्ही सांभाळू पाहणाऱ्या माणसाची ती कथा आहे. बार्शीचे भगवंत मंदिर, जे हेमाडपंती असून इ. स. १२४५ चे मानले जाते, ते या अंबरीषाशी जोडलेले आहे. पंढरीची एकादशी करून बारस सोडावयास बार्शीच्या भगवंताकडे यावे, अशी या भागातील भाविकांची धारणा आहे.

पंढरपूरची आषाढी-कार्तिकी सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तिच्याविषयी येथे विस्तार करीत नाही. परंतु तुळशीची माळ घातलेला जो वारकरी दर महिन्याची शुद्ध एकादशी पंढरीत करतो, त्याची मासिक वारी मला अधिक थोर वाटते. तिच्यात पालख्या नाहीत, नगारे नाहीत, केवळ नेम आहे. पावसाळी चिखलाच्या गाडीवाटांवरून चालणाऱ्या अशा लोकांसाठी बार्शी लाईट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत आली. त्याच गावात १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी उपोषण आरंभिले, ते अस्पृश्य मानलेल्या बांधवांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून. त्या उपवासाचे पारणे तिथीवर नव्हे, तर त्या दारावर अवलंबून होते, आणि ते १० मे रोजी झाले. चोखोबांची समाधी ज्या देवळाच्या पायरीपाशी शतकानुशतके बाहेर राहिली, तेथे एकादशीचा विचार करताना हा उपवास विसरता येत नाही.

आता ताटाकडे येऊ. सोलापूरच्या घरी एकादशीला भगर शिजते, तिच्याबरोबर आमसूल घातलेली दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू; फोडणी तूप-जिऱ्याची, तीत मोहरी आणि हळद नाही. यातील साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची आणि राजगिरा ही सारी मूळची अमेरिका खंडातील, युरोपीय लोक समुद्रमार्गे आल्यानंतर आपल्याकडे रुजलेली. ज्ञानेश्वरांच्या काळातील वारकऱ्याने ती पाहिलीही नसतील. निषेध धान्याचा होता. नवे पदार्थ धान्यात मोडत नव्हते, म्हणून ते बिनतक्रार आत आले. यात निंदा करण्यासारखे काही नाही, मात्र शेंगदाण्यांनी पोट जड करून ‘उपवास बाधला’ म्हणणे योग्य नव्हे.

तसेच, एकादशीला चंद्र शरीरातील पाणी ओढतो म्हणून उपवास शास्त्रीय आहे, असे जे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते, ते टिकणारे नाही. समुद्राचे उधाण मोठे असते ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि सर्वांत लहान असते ते अष्टमीच्या आसपास; एकादशी दोहोंच्या मध्ये पडते. ज्या व्रताला शतकांच्या श्रद्धेचा आधार आहे, त्याला असल्या उसन्या दाखल्याची आवश्यकता नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे मात्र एक खरी अडचण उभी राहते. भारतातील कॅलेंडर भिंतीला लावून त्याच तारखेला तेथे उपवास करणे पुष्कळदा चुकीचे ठरते. समजा, उन्हाळ्यात एकादशी सोलापुरात दुपारी दोन वाजता संपली. त्या क्षणी न्यू जर्सीत त्याच तारखेचे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. सूर्य उगवण्यापूर्वीच तेथील एकादशी संपलेली असते, आणि तेथल्या सूर्योदयाला एकादशी बहुधा सापडते ती आदल्या तारखेला. तेव्हा तेथील स्मार्त घराने उपवास सोलापूरच्या एक तारीख आधी धरावा, हेच नियमाला धरून होईल. भागवत घराने त्याशिवाय तेथल्या सूर्योदयाच्या शहाण्णव मिनिटे आधी दशमी उरली होती काय हे पाहावे, आणि बारस सोडण्याची वेळही तेथल्याच सूर्यावरून काढावी. याकरिता नवे शास्त्र रचण्याचे कारण नाही; तिथीचा शेवट पंचांगातून घ्यावा, तो आपल्या गावच्या वेळेत उतरवावा, आणि सूर्योदय आपल्या अंगणातला धरावा.